मोजून दिलेली गोळी

गेल्या दिवाळीत आपल्या बॅचच्या ग्रुपवर अमेरिकेतल्या मित्राने एक फोटो टाकला. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल, त्यावर एक रायफल, आणि खाली एकच ओळ : "ओळखा पाहू!" पाच मिनिटांत डझनभर उत्तरं आली आणि सगळी एकच होती. थ्री नॉट थ्री!

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नुकतीच सुरू झाली होती, त्या काळात मुलुंडच्या आपल्या शाळेत एन.सी.सी. करणाऱ्यांना ती ओळखायला फोटोही लागला नसता, नुसता तेलाचा वास पुरला असता. साडेआठ-नऊ पौंडांचं ते धूड. 'बाजू शस्त्र', 'बगल शस्त्र', 'सलामी शस्त्र' करताना खांद्याचं हाड दुखायचं. आपल्या हातातल्या रायफली 'डीपी' होत्या, म्हणजे फक्त कवायतीसाठी निकामी केलेल्या. तरी कवायत संपली की सर त्या एकेक मोजून घ्यायचे. परेडनंतरच्या वडापावाचीसुद्धा एवढी काटेकोर मोजणी होत नसे.

त्या फोटोमुळे मी या रायफलीचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता लक्षात आलं की ही गोष्ट रायफलीपेक्षा गोळीची जास्त आहे. गोळी कोण बनवतो आणि ती कोण मोजतो, याची.

माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यातलं. आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी. रानडुकरं नाचणीत शिरली की तिचा बार निघायचा. पावसाळ्याआधी एका दुपारी आजोबा मागच्या पडवीत चूल पेटवायचे. लोखंडी पळीत शिसं वितळायचं, चिमट्यासारख्या साच्यात ओतलं जायचं, आणि साचा उघडला की गरम, चकचकीत गोळी टपकन राखेत पडायची. आम्हा मुलांना लांब बसवलेलं असे. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी ते अंगावर उडतं, म्हणून. आजोबांची गोळी घरची होती. तिच्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

१८५७ साली नेमकं हेच शिपायांना ठाऊक नव्हतं. त्याआधीची त्यांची बंदूक आतून गुळगुळीत होती, गोळी नळीत सैल बसायची. नव्या एन्फिल्ड रायफलीच्या नळीत पीळ होता. गोळी मऊ शिशाची आणि बुडाशी पोकळ. बार उडाला की बूड फुगून ती पिळाच्या खाचांत घट्ट बसे आणि फिरत, सरळ, लांब जाई. पण ती आधी नळीत सुखाने उतरावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावलेलं असे. ते काडतूस दातांनी फाडायचं. वंगण कशाचं? गाईच्या आणि डुकराच्या चरबीचं, अशी बातमी जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदमहून पसरली.

सरकारने त्याच महिन्यात वंगणाविना काडतुसं द्यायचं ठरवलं. शिपायांनी हवं ते मेण-तेल स्वतःच लावावं, अशी मुभा दिली. तेव्हा संशय वंगणावरून कागदाच्या चकाकीवर गेला. २४ एप्रिलला मीरतमध्ये घोडदळाच्या ९० जणांपैकी ८५ जणांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, आणि गंमत म्हणजे ती काडतुसं जुन्याच पद्धतीची होती! ९ मेला सर्वांसमोर त्यांना बेड्या ठोकल्या आणि १० मेला उठाव झाला. वंगण बदलता येतं, उडालेला विश्वास बदलून मिळत नाही.

आपल्याकडेही ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी मुंबई पलटण उठली. ऑक्टोबरात मुंबईत सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी दिलं. ते मैदान म्हणजे आजचं आझाद मैदान. आपण व्ही.टी.ला उतरून कॉलेजला, ऑफिसला ज्याच्या कडेने वर्षानुवर्षं गेलो, ते.

त्यानंतर इंग्रजांनी धडा घेतला तो असा. तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हाती ठेवला आणि हिंदी शिपायाला गोऱ्या सैनिकापेक्षा एक पिढी जुनी बंदूक दिली. १८६९ साली आपल्या पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १८७८ साली लॉर्ड लिटनने शस्त्रांचा कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना सूट मिळाली. गोळी आता सरकारच बनवणार आणि सरकारच मोजणार.

गोळीही बदलत गेली. १८७१ च्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी अजून शिशाचीच होती, बारा भाग शिसं आणि एक भाग कथील. १८८८ मध्ये .३०३ ची काडतुसं आली आणि लवकरच काळी दारू जाऊन बिनधुराची कॉर्डाइट आली. वाढलेल्या वेगात नुसतं शिसं पिळाच्या खाचांत सोलवटून निघालं असतं, म्हणून या गोळीच्या शिशावर सुरुवातीपासूनच कठीण धातूचं कवच होतं. मग दमदमच्याच कारखान्यात त्या कवचाचं टोक उघडं ठेवून अंगात फुटणारी गोळी निघाली. तिच्यामुळे 'दमदम' हे गाव जगाच्या शब्दकोशात गेलं. १८९९ च्या हेग परिषदेने तसल्या गोळ्यांवर बंदी घातली.

आपली थ्री नॉट थ्री म्हणजे १९०७ चं ली-एन्फिल्डचं मॉडेल. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं तयार होत राहिली. दोन्ही महायुद्धांत आपले मराठे, महार, शीख, गुरखे तीच घेऊन लढले. १९४८ मध्ये एन.सी.सी. स्थापन झाली आणि ती कॅडेटांच्या हाती आली. १९६२ मध्ये हिमालयात आपले जवान चिन्यांच्या स्वयंचलित शस्त्रांसमोर तीच घेऊन उभे होते. दर गोळीमागे बोल्ट हाताने ओढायचा, पेटीत गोळ्या फक्त दहा. सैन्यातून ती गेली, पण पोलिसांकडे राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आपल्याच सी.एस.टी.वर एके-४७ पुढे रेल्वे पोलिसांच्या हातात तीच होती. त्या स्थानकात पन्नासहून अधिक माणसं गेली. आपल्यातले कितीतरी जण त्याच फलाटांवरून रोज लोकल पकडायचे. म्हणून या रायफलीच्या नुसत्या गोड आठवणी मला लिहिता येत नाहीत. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला थेट २६ जानेवारी २०२० च्या संचलनात निरोप दिला.

स्वतंत्र भारतातही .३०३ सामान्य माणसासाठी निषिद्धच राहिली. म्हणून ईशापूरनेच तशाच बांधणीची .३१५ ची रायफल परवानाधारकांसाठी काढली. आपल्याकडून भंगार किंवा जुना माल म्हणून परदेशी गेलेल्या .३०३ मात्र अमेरिकेतल्या दुकानांत विकल्या गेल्या. मित्राला त्यातलीच एक मिळाली. तिच्या लोखंडी कड्यावर राजमुकुट नाही, अशोकस्तंभाचे सिंह आहेत आणि वर्ष १९५०.

मित्र ती नुसती भिंतीवर टांगत नाही. महिन्यातून एकदा रेंजवर नेतो आणि गोळ्या स्वतः ओततो. मी फोनवर विचारलं, "अरे, विकत मिळत नाहीत का?" म्हणाला, "मिळतात रे. पण जुन्या साठ्यातल्या काडतुसांनी नळी गंजते, आणि पंच्याहत्तर वर्षांच्या म्हातारीला पूर्ण बार कशाला सोसायला लावायचा? शिशाची गोळी, निम्म्याहून कमी दारू. हळू जाते, नळी झिजत नाही." नाव .३०३ असलं तरी खाचांसकट मोजलं तर नळी .३११ इंचांच्या पुढेच भरते, झिजलेली असेल तर आणखी. म्हणून आधी नळी मोजायची, मग तिच्या मापाचा साचा घ्यायचा. शिशात थोडं कथील घालायचं आणि बुडाला तांब्याची लहानशी टोपी. हे ऐकताना मला मागची पडवी दिसत होती. आजोबांनी अमेरिका पाहिली नाही, पण या दोघांचं छान जमलं असतं.

आजोबा गेल्यावर परवाना पुढे कोणी घेतला नाही. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली ती झालीच. साचा राहिला. तो आज मुलुंडच्या आमच्या घरी शोकेसमध्ये आहे. नातवंडांना तो अडकित्ता वाटतो.

त्याच शोकेसच्या खणात आणखी एक वस्तू आहे, आणि हा लेख खरं तर तिच्यासाठी लिहिला.

नववीतलं शिबिर आठवा. आपण पॉइंट टू-टूच्या पाच-पाच गोळ्या झाडल्या. शेजारी कॉलेजच्या कॅडेटांचं .३०३ चं फायरिंग होतं आणि आपल्याला रिकाम्या पुंगळ्या वेचायच्या कामाला लावलं होतं. संध्याकाळी मोजणीत एक पुंगळी कमी भरली. सगळी तुकडी गवतात ओणवी झाली. अंधार पडला तेव्हा सर बॅटरी घेऊन एकटेच शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. पुढे बरेच दिवस ते गप्प गप्प होते. कोणा मुलावर त्यांनी संशय घेतला नाही.

सर, ती पुंगळी माझ्या मोज्यात होती.

चकाकत होती, म्हणून घेतली. तुम्हाला गवतात शोधताना पाहिलं तेव्हा द्यायला हवी होती, पण भीती वाटली. नंतर लाज वाटली आणि मग उशीरच झाला. तिच्या बुडावर 'के. एफ.' अशी अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ मला या वर्षी कळला : खडकी फॅक्टरी. तुम्ही प्रत्येक पुंगळी का मोजायचात, तेही आता कळलं. मोजून दिलेली गोळी म्हणजे कोणीतरी कोणावर टाकलेला विश्वास असतो, आणि तुम्ही तो आमच्यासारख्या चौदा वर्षांच्या पोरांवर टाकला होता.

संमेलनाला तुम्ही येणार आहात असं कळलं. ती पुंगळी मी बरोबर आणतो आहे. तेवढी मोजून घ्या.