कण्हणारं स्टेअरिंग

माझ्या गाडीला नऊ वर्षं आणि आठ महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या बिल्डिंगला लागून पाच मजली कार पार्क आहे. चढावर अरुंद वळणं. एके दिवशी पहिल्याच वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि बॉनेटखालून 'घुंईऽऽ' असा आवाज आला. काँक्रीटच्या छताखाली तो आणखीच घुमायचा. आठवड्याभरात अशी परिस्थिती झाली की मी चौथ्या मजल्यावर पोचायच्या आत घरी बायको चहाचं आधण ठेवायची.

पुण्यात असतो तर "गाडी जुनी झाली, आवाज करणारच" म्हणून सोडून दिलं असतं. सिंगापूरमध्ये तसं चालत नाही. मे १९९० पासून इथे गाडी घ्यायच्या आधी गाडी बाळगण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. त्याचं नाव सीओई, मुदत १० वर्षं. भाव लिलावात ठरतो. नोव्हेंबर २००८ मध्ये छोट्या गाड्यांच्या गटात तो चक्क २ डॉलरवर उतरला होता आणि २०२३ मध्ये त्याच गटाने एक लाख डॉलर ओलांडले! दहा वर्षं व्हायच्या आत गाडी मोडीत काढली तर नोंदणीच्या वेळी भरलेल्या करातला काही भाग परत मिळतो. (ही युक्ती १९७५ सालची, सीओईच्याही आधीची.) मुदत वाढवून घेतली तर त्या परताव्यावर पाणी सोडायचं, दरवर्षी तपासणीला जायचं आणि रोड टॅक्सही वर्षाला १० टक्क्यांनी चढत ५० टक्के जास्त होईपर्यंत भरायचा. म्हणजे जुनी गाडी ठेवायची तर ती धडधाकट तरी हवी.

पहिल्या गॅरेजने (नाव सांगत नाही) दोन मिनिटं आवाज ऐकून निकाल दिला, पंप बदला आणि रॅकही बदला. रॅक म्हणजे पुढच्या चाकांना ढकलणारी दातेरी दांडी. बिल दोन हजार डॉलरच्या आसपास. "एवढा खर्च करण्यापेक्षा मोडीत काढा," असा सल्ला वर फुकट. मुलीचा जन्म झाला तेव्हा तिला हॉस्पिटलमधून याच गाडीतून घरी आणलं होतं. पण असले हिशेब लिलावात धरत नाहीत.

इंजिनियर असल्यामुळे (आणि चिकट असल्यामुळे) मी आधी वाचायला बसलो. वाचता वाचता थेट अमेरिकेतल्या वॉल्थम गावी पोचलो.

फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातला इंजिनियर. अवजड ट्रकचं स्टेअरिंग वळवताना ड्रायव्हरची काय दशा होते, हे त्याने जवळून पाहिलेलं. ज्यांनी फियाट जागच्या जागी वळवून पार्क केली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. १९२२ मध्ये नोकरी सोडून त्याने वॉल्थमला स्वतःचं वर्कशॉप थाटलं. तेलाच्या दाबाने जड वस्तू हलवायची कल्पना नवी नव्हती. तेव्हाच्या यंत्रांमध्ये व्हॉल्व्ह एरवी बंद असे आणि दाब सतत कोंडलेला, त्यामुळे सांध्यासांध्यातून तेल गळायचं. डेव्हिसने उलटा विचार केला. व्हॉल्व्ह एरवी उघडाच ठेवायचा. गाडी सरळ चालली असेल तर पंपातून निघालेलं तेल अडथळ्याशिवाय फिरून परत येईल. ड्रायव्हरने स्टेअरिंग वळवलं की व्हॉल्व्हची एक बाजू आवळेल आणि तेवढ्यापुरताच दाब चढेल.

१९२६ मध्ये जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला. मग मंदी आली आणि १९३४ मध्ये हे फार महाग पडतं म्हणून कंपनीने प्रकल्प गुंडाळला. दुसऱ्या महायुद्धात अवजड लष्करी गाड्यांना हे तंत्र लागलं, तेव्हा त्याचे दिवस पालटले. पण विक्रीच्या मोटारीत ते पहिल्यांदा आणलं क्रायस्लरने, १९५१ च्या इम्पीरियल गाडीत आणि तेही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारावर! त्यानंतर जनरल मोटर्सला जाग आली. मुदत संपण्याचं दुःख काय असतं, ते मला त्या महिन्यात चांगलंच कळत होतं.

आता आवाजाकडे येऊ. डेव्हिसच्या रचनेत इंजिन चालू असेतोवर पंप फिरतच राहतो, पण त्याच्यावर ताण येतो तो वळवतानाच. स्टेअरिंग टोकाला नेलं की दाब ७० ते १०० बारपर्यंत जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-पंचेचाळीस पट. तेव्हा आवाज कधी आणि कसा येतो, यावरून बरंच कळतं. वळवताक्षणी 'चींऽऽ' किंचाळलं तर पट्टा घसरतोय. खड्ड्यात 'खट' वाजलं तर खाली सांधे किंवा रबरी बुश गेलेत, तेलाचा संबंध नाही. अगदी टोकाला हलकं 'स्सस्' ऐकू आलं तर ते बहुतेक वेळा नेहमीचंच. पण इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारं कण्हणं असेल तर आधी तेलाची पातळी बघायची आणि मग तेलात हवा शिरते आहे का ते बघायचं. बुडबुडे पंपात शिरतात, दाबाखाली चिरडतात आणि तोच आवाज होतो.

मी टाकीचं झाकण उघडलं. पातळी ठीक, पण वर फेस, अगदी ताकाला येतो तसा. मात्र जमिनीवर तेलाचा एक थेंब नाही. इथेच माझी मती गुंग झाली. गळती नाही, तर हवा आत येते कुठून?

उत्तर दिलं सिन मिंगमधल्या एका साठीच्या चिनी मेकॅनिकने. (इथे वयस्क माणसाला सगळेच 'अंकल' म्हणतात.) अंकलने टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या सांध्यावर थोडं तेल सोडलं आणि मला कान लावायला सांगितलं. कण्हणं क्षणभर थांबलं! ती पंपाची ओढणारी बाजू. तिथे इंजिन चालू असताना बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो, म्हणून सांधा सैल झाला की तेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. सांध्यातली रबरी रिंग उन्हाने आणि वयाने कडक झाली होती. नवी रिंग, नवा क्लॅम्प, ताजं तेल. पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवून अंकलने स्टेअरिंग वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकाला फिरवलं आणि हवा बाहेर काढली. मजुरीसकट साठ डॉलर.

मी विचारलं, पहिल्या गॅरेजला हे का कळलं नाही? अंकल हसला. म्हणाला, इथे गाड्या म्हाताऱ्या व्हायच्या आधीच जातात, पोरांनी हा आवाज ऐकायचा कधी?

मी मुदत पाच वर्षांनी वाढवली. (पाचची घेतली की पुन्हा वाढवता येत नाही.) त्या पाच वर्षांत स्टेअरिंगने परत तक्रार केली नाही. शेवटच्या दिवशी मुलीला घेऊन कार पार्कच्या पाचव्या मजल्यापर्यंत उगीचच एक फेरी मारली, आणि दुपारी गाडी मोडीत देऊन आलो.

नव्या गाडीचं स्टेअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. हा प्रकार सुझुकीने १९८८ मध्ये सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत आणला होता. परवा सवयीने बॉनेट उघडून तेलाची टाकी शोधत होतो, तर मुलगी म्हणाली, "बाबा, काय हरवलंय?"