योगीच्या गळ्यातली कॉलर
30 सप्टेंबर 1960, शुक्रवार. शनिवार-रविवारच्या सुटीच्या आदल्या रात्री अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘द फ्लिंटस्टोन्स’ सुरू झाली. अश्मयुगातल्या कुटुंबाची ही विनोदी कार्टून मालिका थोरामुलांनी एकत्र बसून पाहावी, अशा वेळेला ठेवलेली होती.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या तिच्या कर्त्यांनी आधी एमजीएमसाठी ‘टॉम अँड जेरी’ केलं होतं. सेकंदाला 24 चौकटी. सात-आठ मिनिटांच्या चित्रपटालाही हजारो चित्रं लागत. 1957 मध्ये तो विभाग बंद झाला. दूरचित्रवाणीला तर दर आठवड्याला अर्धा तास हवा, तोही थोडक्या पैशांत! मग धड तेच ठेवून तोंड, डोळे, हात तेवढे बदलायचे. मागची झाडं पुन्हापुन्हा सरकवायची. त्यांच्याच योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आहे ती उगीच नव्हे. डोकं वेगळ्या पारदर्शक तावावर काढलं, की सांधा तिच्याखाली लपतो.

हालचाल घटली, बोलणं वाढलं. टॉम मुक्यानं हसवतो, फ्रेड फ्लिंटस्टोनला बडबडावंच लागतं. विनोदाची जात इथे खर्चानं बदलली, असं आम्हाला वाटतं. (जाणकारांनी नाकं मुरडली, तरी मालिका 1966 पर्यंत चालली.) वर्गात दोन्हींचा एकेक तुकडा आवाज बंद करून दाखवावा आणि मुलांना गोष्ट सांगायला लावावी.