अहवालात न मावलेली म्हातारी

धामणगाव बढ्याला जायचं तर मी पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरतो, सकाळी मलकापूरला उतरतो आणि पुढे एसटी. मागच्या दिवाळीत समोरच्या बर्थवर अकोल्याला निघालेला एक मुलगा होता. पुण्यातल्या एका सेमिनरीत पाळक व्हायचं शिक्षण घेत होता. वर्षभर दर रविवारी एका खेड्यातल्या चर्चमध्ये 'फील्ड वर्क' केलेलं, त्याचा अहवाल मोबाइलवर लिहीत बसला होता. इंग्रजीत. किती घरांना भेटी दिल्या, किती प्रवचनं केली, संडे स्कूलला मुलं किती.

दौंड गेल्यावर म्हणाला, "दादा, एका आजारी आजीकडे प्रार्थनेला गेलो होतो. माझे शब्दच संपले. मग तिनंच माझ्या डोक्यावर हात ठेवून माझ्यासाठी प्रार्थना केली. हे कुठल्या रकान्यात लिहू?"

मी सॉफ्टवेअरवाला. फॉर्म बनवणं हे माझं रोजचं काम. तरी मला उत्तर सुचलं नाही. कंपनीतल्या माझ्या इंटर्नशिपचा अहवाल आठवला. मला खरं काम शिकवलं ते रात्रपाळीच्या सपोर्टवाल्यानं. त्याचं नाव माझ्या अहवालात नव्हतं.

मध्यरात्रीनंतर नगर आलं. कागदोपत्री आता अहिल्यानगर. त्या मुलाच्या प्रश्नाचं मूळ गाव हेच. 1831 पासून इथे अमेरिकन मराठी मिशन होतं. 1854 साली बोस्टनहून मिशन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. त्यांचा आग्रह असा, की गावच्या मंडळीला तिथलाच पाळक हवा आणि तो तिच्याच भाषेत तयार व्हावा. इंग्रजी शिकून पोरं गावात राहत नाहीत, ही त्यांची तक्रार. (आमच्या तालुक्यात आजही हीच आहे, फक्त आता ती आईबाप करतात.) त्याच वर्षी नगरमध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दोघेही ब्राह्मण कुटुंबांतले. पुढे नगरच्या खेड्यापाड्यांतून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांत मात्र बहुसंख्य महार आणि मांग. भाषा एक झाली म्हणून अंतर मिटत नाही. उंबऱ्याच्या आत जाऊन बसायला शिकावं लागतं, आणि ते वर्गात कोण शिकवणार?

1878 मध्ये नगरला थिऑलॉजिकल सेमिनरी निघाली. रॉबर्ट ह्यूम तिचे प्रमुख होते. तिथेच पुढे नारायण वामन टिळकांनी शिकवलं. टिळकांच्या हातीही बायबल आलं ते रेल्वेच्या डब्यात, नागपूरहून राजनांदगावला जाताना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्याजवळ अभंग होता, कीर्तन होतं. त्यांनी पोथीपेक्षा टाळ जवळचा मानला असं मला वाटतं. 'उपासना संगीता'तली त्यांची गीतं आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला.

पण पाळकी शिकणाऱ्यानं टिळकांच्याही आधी लक्ष्मीबाईंना वाचावं, असं माझं मत आहे. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 चा. नवऱ्यानं धर्म बदलला, ही बाई काही वर्षं वेगळी राहिली. परत आली तरी सोवळं सुटेना. ते हळूहळू सुटलं आणि 1900 साली तिचा बाप्तिस्मा झाला. स्वयंपाकघर, पाणी, शेजारपाजार, स्वतःची फजिती, सगळं त्यात आहे. कोणाला काय शिकवलं याची यादी मात्र त्यात नाही.

आमच्या वऱ्हाडातही अशी एक संस्था होती. 1953 मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशभरातून मुलं येत, म्हणून शिक्षण इंग्रजीत. ते समजण्यासारखं आहे, मिझोराम आणि केरळची मुलं एका बाकावर बसणार तर दुसरी कुठली भाषा? 1983 मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. सोयी वाढल्या असतील. कापसाच्या बाजारातून, मजुरांच्या गर्दीतून रविवारी चर्चला चालत जाणं मात्र यवतमाळातच राहिलं.

मुलगा सांगत होता, प्रवचन तीन मुद्द्यांत कसं बांधायचं ते येतं, पण खेड्यातल्या बायांनी भजनाला बसवलं तेव्हा झांज तालात धरता येईना. एका नऊ वर्षांच्या पोरीनं हात धरून ठेका दाखवला.

"हेही लिही," मी म्हणालो.

"इंग्रजीत झांजेला काय म्हणतात?"

"झांजच लिही."

त्यानं लिहिलं. आजीचं मात्र बराच वेळ अडलं. 'दिलेल्या भेटी'त तिचं घर मोजलेलं होतंच. भुसावळला चहा घेताना त्यानं मला फोन दाखवला. तळाशी 'प्रशिक्षकाचे नाव' असा रकाना होता. त्यात आधी पाळकांचं नाव होतं. पुढे स्वल्पविराम देऊन त्यानं त्या आजीचं नाव घातलं होतं.

"मार्क कापतील?" त्यानं विचारलं.

मलकापूर जवळ आलं होतं. मी बॅग खाली काढली.