वेण्णा तलाव आणि महाबळेश्वरचा उन्हाळा

महाबळेश्वरचा इतिहास लिहिताना बहुतेक लेखकांचा भर गव्हर्नर, लष्करी अधिकारी आणि त्यांच्या नावांनी ओळखले जाणारे पॉइंट, म्हणजे दरीच्या कडेवरील निसर्गदर्शनाच्या जागा, यांवर असतो. वेण्णा तलावाची बोळवण मात्र एखाद्या ओळीत होते. हा अन्याय आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह येणाऱ्या मराठी कुटुंबाचे महाबळेश्वर हे प्रामुख्याने या तलावाच्या काठचे महाबळेश्वर आहे, आणि अधिकाऱ्यांचे आरोग्यधाम सर्वसामान्य कुटुंबांच्या सुट्टीचे गाव कसे झाले, हे समजून घ्यायचे तर पॉइंटांपेक्षा तलावाकडूनच सुरुवात करणे अधिक योग्य ठरते.

समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंचीवरचे हे पठार इंग्रजांच्या आधीही निर्जन नव्हते. क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो आणि पंचगंगेच्या देवळात त्यांच्या धारा एकत्र येऊन गोमुखातून कुंडात पडतात. शिवाजी महाराजांनी 1665 मध्ये सूर्यग्रहणाच्या पर्वणीला जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री. माणसे सहकुटुंब डोंगर चढून येत ती स्नानासाठी, दर्शनासाठी आणि पर्वणी साधण्यासाठी. केवळ हवापालटासाठी महिना-दोन महिने येऊन राहण्याची कल्पना या डोंगराला नवी होती, आणि ती इंग्रजी अमलाबरोबर आली.

कर्नल लॉडविक 1824 मध्ये पठारावर पोहोचला आणि येथील हवेविषयी त्याने अनुकूल मत दिले. सातारा दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, असलेल्या जनरल ब्रिग्जने पुढे येथे घर बांधले, आणि मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1828 मध्ये आजारी सैनिक व अधिकारी यांच्यासाठी आरोग्यधाम उभारण्याचे काम हाती घेतले. हा मुलूख तेव्हा साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा होता. 1829 च्या तहाने महाराजांनी तो कंपनीला दिला आणि त्याच्या मोबदल्यात वाई भागातील खंडाळा गाव घेतले. नव्या वसाहतीच्या बाजारपेठेला गव्हर्नराच्या नावावरून माल्कम पेठ म्हणू लागले. येथील वसाहतीचा बराचसा कष्टाचा भाग कैद्यांनी उचलला. 1834 च्या सुमारास सुरू झालेल्या तुरुंगात आग्नेय आशियातील इंग्रजी ठाण्यांवरून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले जात. त्यांनी रस्त्यांची कामे केली आणि बटाटे व विलायती भाज्यांचे मळेही पिकवले. तुरुंग 1864 मध्ये बंद झाला, पण चायनामन्स फॉल या धबधब्याच्या नावात त्या माणसांची खूण राहिली.

तलाव मात्र इंग्रजांनी बांधलेला नाही. प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये पदच्युत करून काशीला पाठवल्यानंतर त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज गादीवर आले आणि त्यांनी 1842 मध्ये वेण्णेच्या वरच्या खोऱ्यात बांध घालून सुमारे 28 एकरांचा हा जलाशय तयार करवला. त्याला बारमाही झऱ्यांचे पाणी मिळते; पावसाळ्यात तो भरून वाहू लागला की जादा पाणी नदीने पुढे जाऊन लिंगमळ्याच्या कड्यावरून कोसळते, मेढ्याच्या खोऱ्यातून वाहते आणि संगम माहुलीस कृष्णेला मिळते. स्थळाची शोभा वाढावी हा हेतू होताच. परंतु पाण्याचा साठा व्हावा आणि बांधाखालच्या मळ्यांना तो कोरड्या महिन्यांत पुरावा, ही त्यामागची व्यवहारी गरज अधिक महत्त्वाची वाटते. वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पठारावर पाण्याची खरी ओढ लागते ती नेमकी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पाहुण्यांची वर्दळ सर्वांत जास्त असताना. आप्पासाहेब महाराज 1848 मध्ये निवर्तले, दत्तक नामंजूर करून कंपनीने सातारचे राज्य खालसा केले. त्या राज्याने महाबळेश्वरी मागे ठेवलेली सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे हा तलाव होय.

एकोणिसाव्या शतकातील उन्हाळी मुक्काम हा आजच्या तीन दिवसांच्या सहलीसारखा नव्हता. मुंबई सरकारचा कारभार उन्हाळ्यात येथून चालत असे. त्यामुळे एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंतचा काळ, ज्याला आजही स्थानिक लोक सीझन म्हणतात, अधिकारी आपल्या बायकामुलांसह बंगल्यांत काढीत. मुंबईहून यायचे तर गलबताने किंवा आगबोटीने बाणकोटच्या खाडीत शिरून सावित्रीतून दासगाव-महाडपर्यंत जावे लागे आणि तेथून पुढे पालखीने वा घोड्याने घाट चढावा लागे. हा मार्ग जोखमीचा होता: ज्याच्या नावाने आर्थर सीट हा पॉइंट ओळखला जातो, त्या आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्ही मुलगी 1853 मध्ये बाणकोटजवळ बोट बुडून मरण पावली. कड्यावरून जी सावित्री दिसते तिच्याच मुखाशी ही दुर्घटना घडली, हे आज त्या जागी उभ्या राहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. केट्स पॉइंटलाही माल्कमच्या मुलीचे नाव आहे. अशा रीतीने अधिकाऱ्यांची घरे, त्यांची सुखदुःखे पॉइंटांच्या नावांत उतरली; संध्याकाळी घोड्यावरून किंवा गाडीतून एखाद्या पॉइंटापर्यंत जाऊन सूर्यास्त पाहणे हा त्यांचा नित्यक्रम होता आणि पुढील सर्व पाहुण्यांनी तो जसाच्या तसा उचलला.

हा क्रम सर्वांसाठी खुला होण्यास वाहतुकीने मदत केली. बोरघाटातून 1863 मध्ये आगगाडी धावू लागल्यावर मुंबईचे पाहुणे पुण्यापर्यंत गाडीने आणि पुढे वाई, पसरणीचा घाट आणि पाचगणी या वाटेने टांग्यातून येऊ लागले. 1876 मध्ये महाडच्या बाजूचा फिट्झजेराल्ड घाट, म्हणजे आजचा आंबेनळी घाट, पूर्ण झाला आणि कोकणातून चाकाची गाडी वर येऊ लागली. या सुधारणांचा लाभ आधी मुंबईतील पारशी आणि गुजराती श्रीमंतांनी घेतला. मराठी मध्यमवर्गाला हे ठिकाण खऱ्या अर्थाने परवडू लागले ते स्वातंत्र्यानंतर. 1948 मध्ये राज्याची प्रवासी बससेवा, म्हणजे लोकांची एस.टी., सुरू झाली, शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या की मे महिना मोकळा मिळू लागला आणि नोकरदार माणसाला रजा मिळू लागली. या तीन गोष्टी जुळून आल्याखेरीज वेण्णा तलावाकाठची गर्दी समजत नाही.

पॉइंट पाहून मोठी माणसे तृप्त होतात, पण लहान मुलाला दरीच्या कठड्याशी फार वेळ उभे करता येत नाही. तलावाकाठी मात्र आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाला काहीतरी करण्यासारखे असते, आणि तलाव कुटुंबांचा का झाला याचे सर्वांत साधे कारण हेच आहे. वल्ह्यांच्या होडीत नावाडी मध्ये बसतो, एका बाजूला आजी-आजोबा, दुसऱ्या बाजूला मुले अशी वजनाची वाटणी तो स्वतः करून देतो आणि काठच्या झाडीच्या सावलीतून फेरी मारून आणतो. पायाने चालवायच्या होडीत वडील आणि मुलगा दमेपर्यंत पेडल मारतात. काठावर घोडेवाल्याने लगाम हाती धरून घातलेली फेरी ही अनेक मराठी मुलांची आयुष्यातील पहिली घोडेस्वारी असते, आणि त्या वेळी काढलेले छायाचित्र पुष्कळ घरांच्या अल्बमांत सापडते. निखाऱ्यावर भाजलेल्या, लिंबाच्या फोडीने मीठ-तिखट चोळलेल्या कणसाचा वास तेथे दिवसभर दरवळत असतो. हंगाम उतरणीला लागलेली स्ट्रॉबेरी, तुती, जांभळे, करवंदे, तांबडी गाजरे, परतीच्या आधी घेतलेला मध आणि चपला ही खरेदीही आता मुक्कामाचाच भाग झाली आहे. पावसाळ्यानंतर लावणी होणाऱ्या येथील स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाचा व्यापारी वापर या भागातील मालापुरता राखला गेला.

या सुट्टीमागे राबणाऱ्या हातांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला जायला हवा. पठारावरील धावड समाज पूर्वी दगडापासून लोखंड गाळीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळशासाठी होणारी झाडतोड थांबवण्यासाठी सरकारने हा धंदा बंद केला आणि त्या लोकांना उपजीविकेच्या अन्य वाटा शोधाव्या लागल्या. घोडेवाले, नावाडी, मळेकरी, हमाल आणि दुकानदार यांची बरीचशी वर्षाची कमाई उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांवर आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्यांवर अवलंबून असते. जूनमध्ये पाऊस लागण्यापूर्वी घरांना आणि दुकानांना गवताच्या जाड तट्ट्या बांधून भिंती झाकण्याची जुनी पद्धत होती, आणि त्या तट्ट्या चढल्या की सीझन संपला असे समजले जाई.

केंद्र सरकारने जानेवारी 2001 मध्ये महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, म्हणजे तेथील बांधकाम, वृक्षतोड आणि उद्योग यांवर विशेष निर्बंध आले. तलावाच्या दृष्टीने हा निर्णय अत्यंत आवश्यक होता. तलावाचे पाणी महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांना पिण्यासाठी लागते. ज्या आठवड्यांत होड्यांची रांग सर्वांत लांब असते, त्याच आठवड्यांत साठा उतरत जातो आणि हॉटेलांची मागणी चढत जाते. काठावर घोड्यांची लीद, वाहनांचे तेल आणि खाद्यपदार्थांचा कचरा पाण्यात उतरणार नाही याची व्यवस्था करणे, उतारावरची झाडी टिकवून गाळ अडवणे आणि साठ्याच्या मानाने पाहुण्यांची संख्या राखणे ही कामे गिरिस्थान नगर परिषदेने आणि शासनाने मिळून करावयाची आहेत, आणि ती पावसाळ्याआधी नव्हे तर सीझन भरात असतानाच करावी लागतात.