समीकरणातील मुंबई

लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात 1927 साली एक प्रबंध छापून आला. विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक हे त्याचे लेखक. कर्मॅक हे एडिंबरोचे रसायनशास्त्रज्ञ. 1924 साली प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. मॅकेंड्रिक यांनी हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत उमेदीची वर्षे घालविली होती. साथीच्या रोगांचे आजचे गणित बरेचसे याच प्रबंधावर उभे आहे. आणि सिद्धांत ताडून पाहण्यासाठी या दोघांनी आकडे घेतले ते मुंबई बेटावरचे: 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळातील प्लेगचे मृत्यू.

गणित थोडक्यात असे. शहरातील माणसे तीन खान्यांत टाकायची. ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे झाले किंवा मेले ते. एका खान्यातून दुसऱ्यात माणसे किती वेगाने जातात, ते समीकरणाने मांडायचे. त्यातून निघालेला निष्कर्ष त्या काळी नवा होता. रोग होण्याजोगी माणसे संपली म्हणून साथ थांबत नाही. त्यांची दाटी एका मर्यादेखाली उतरली की ती थांबते. म्हणजे साथ रोखायची तर दाटी कमी करा, संपर्क तोडा, नाहीतर लस टोचून पहिला खाना रिकामा करा. मुंबईच्या आकड्यांवरून त्यांची वक्ररेषा अगदी बेतल्यासारखी गेली. शिखराच्या आठवड्यात सुमारे नऊशे मृत्यू.

माणसांतील प्लेग ही उंदरांतील साथीची छाया आहे आणि ऋतूप्रमाणे तिचा वेग बदलतो, हे लेखकांनी स्वतःच नमूद केले आहे. हा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. पण आणखी एक गृहीत त्या समीकरणात होते: शहरातील प्रत्येक माणूस दुसऱ्या कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो! ज्या मुंबईत पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी, तिथली माणसे समान झाली ती फक्त कागदावर.

प्रत्यक्षातली मुंबई कशी होती? सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम काढला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो सौम्य केला. दंग्याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती हलालखोर शहर सोडून जातील ही होती. शहराचा मैला ज्या अस्पृश्य जातींच्या डोक्यावर होता, त्या निघून गेल्या असत्या तर मुंबई राहण्यालायक उरली नसती, हे खुद्द कमिशनरला कळत होते. ज्यांना शिवून घ्यायचे नाही त्यांच्याशिवाय शहर एक आठवडा चालत नाही, याची ही सरकारी कबुली होय. पण त्या भीतीने त्यांची मजुरी वाढली की राहती जागा सुधारली, असे कोणी समजू नये.

1898 साली सुधारणा ट्रस्ट आला. दाट वस्त्या फोडायच्या, रस्ते रुंद करायचे, हवा खेळती ठेवायची. चाळी पाडण्याचे काम जोरात चालले, बांधण्याचे मागे पडले. घर गेलेला मजूर गिरणीपासून, गोदीपासून दूर कसा जाणार? तो शेजारच्या चाळीत आणखी दाटीने शिरला. पुढे कर्मॅक-मॅकेंड्रिक यांनी ज्या दाटीचे गणित मांडले, ती ट्रस्टने एका गल्लीतून उचलून दुसऱ्या गल्लीत नेऊन ठेवली होती.

2020 साली कोविडच्या साथीत मुंबईसाठी पुन्हा गणिती प्रारूपे मांडली गेली. या वेळी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणितज्ञांनी झोपडपट्टी आणि उर्वरित शहर निरनिराळे धरले. खाना वेगळा काढावा लागला तो कशामुळे, हे त्याच वर्षीच्या जुलैमधील रक्ततपासणीत दिसले. माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या विभागांत झोपडपट्टीतील सुमारे 57 टक्के लोकांच्या रक्तात संसर्गाची खूण सापडली. त्याच विभागांत झोपडपट्टीबाहेर 16 टक्के. या तफावतीची संभाव्य कारणे म्हणून महापालिकेने लोकवस्तीची दाटी सांगितली आणि सामायिक सोयी: संडास व पाण्याचे नळ.