आखणीची कुळकथा

येडशीच्या शिवारात आजही घर बांधायला काढले, की संगणकावर काढलेले त्याचे रंगीत चित्र मालकाच्या हाती आधीच पडलेले असले तरी, गवंडी खुंट्या ठोकतो, सुतळी ताणतो, गुण्या लावून काटकोन पारखतो आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी खोल्या जमिनीवर उमटवतो. मग घरातील वडीलधारी मंडळी त्या रेघांच्या आत उभी राहून चूल कोठे, देव्हारा कोठे, याचा निवाडा करतात. ही आखणी नकाशाची केवळ ताबेदार आहे असे समजले जाते. वास्तविक तीच नकाशाची पूर्वज होय.

येथून जवळच्या तेर येथे त्रिविक्रमाचे मंदिर म्हणून पुजली जाणारी विटांची प्राचीन वास्तू आहे. ती मुळात बौद्ध चैत्य असावी असे अनेक विद्वान मानतात. तिची मागची बाजू अर्धवर्तुळाकार आहे, आणि अशी गोलाई साधण्यास एका खुंटीभोवती दोरी फिरवण्याइतका सुलभ उपाय दुसरा नाही. माळव्यातील भोजपूरला, अकराव्या शतकात अपुऱ्या राहिलेल्या शिवालयाच्या आसपासच्या खडकांवर, खांबांच्या, शिखराच्या आणि तलविन्यासाच्या रेखाकृती कोरलेल्या अजून दिसतात. म्हणजे जी शिळा घडवायची तिचा आकार पाथरवटाला पायाशीच पाहावयास मिळत होता.

वेरूळच्या कैलासाची तऱ्हा मात्र निराळी. कळस दृष्टीस पडेपर्यंत अन्न न घेण्याचा राणीचा नवस आणि म्हणून कळसापासूनच कामाला आरंभ करणारा पैठणचा कोकस, ही ‘कथाकल्पतरू’तील आख्यायिका खरी असो वा नसो, वरून खाली कोरत येणाऱ्याच्या चित्तात पायथा आधीच पक्का असावा लागतो; कारण एकदा उडालेली कपची कोणत्याही हुकमाने परत बसत नाही.

कागदाचा अंमल पक्का बसला तो इंग्रजी बांधकाम खात्याच्या कारकिर्दीत. त्या खात्याला दुय्यम अंमलदार पुरवण्यासाठी पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. आणि शास्त्रज्ञ हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेल्या लोहक्षारांच्या प्रक्रियेमुळे पुढे निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांच्या प्रती निघू लागल्यावर एकच आराखडा कचेरीत, मक्तेदाराकडे आणि कामावर एकाच वेळी नांदू लागला. सोय मोठीच झाली; पण घर कोणी पाहावे, हा अधिकार रेघांत उभे राहणाऱ्यांकडून कागद वाचता येणाऱ्यांकडे गेला.

त्याचा प्रत्यय याच मुलखाला आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली, जमीनधारणेनुसार २५०, ४०० वा ७५० चौरस फुटांची घरे ठरली, आणि पुष्कळ ठिकाणी सरळ रस्त्यांच्या चौकटी पडल्या. कागदावर ती मांडणी निर्दोष होती. परंतु माळवदाच्या वाड्यांत, भावकीच्या आळीत आणि उंच भिंतींआडच्या अंगणात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी हळूहळू पडव्या, ओसऱ्या आणि आडोशाच्या भिंती आपल्या खर्चाने त्या घरांना जोडल्या.