ओढणारं इंजिन : ताकदीच्या मोजमापाचा एक छोटा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं की, सर, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस पिकअप ट्रकच्या इंजिनावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण 'ट्रेलर ओढायला कुठलं इंजिन घ्यावं' हा अमेरिकेतल्या घराघरांतला प्रश्न जरा खरवडून पाहिला, तर खाली एक फार जुना प्रश्न सापडतो : ताकद म्हणजे नेमकं काय? आणि ती मोजायची कशी? या मालिकेत आपण मोजमापांचा इतिहास पाहतो आहोत, त्यात हे प्रकरण अगदी चपखल बसतं.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणा. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, ही पिकअप. तिच्या मागे आकडा, आणि आकड्याला ट्रेलर. ट्रेलरमध्ये कुणाचे घोडे, कुणाची बोट, कुणाचं चाकांवरचं घर. सपाटीवर सगळं ठीक चालतं. मग डोंगर येतो, आणि इंजिनाची परीक्षा सुरू होते.

सुरुवात करू ॲरिस्टॉटलपासून. त्याच्या 'फिजिक्स' ग्रंथाच्या सातव्या भागाच्या शेवटी जहाज ओढणाऱ्या माणसांचं उदाहरण आहे. समजा पुष्कळ माणसं मिळून एक जहाज ठरावीक वेळात ठरावीक अंतर ओढून नेतात. मग एकच माणूस तेवढ्याच वेळात त्या अंतराचा तेवढा अंश नेईल का? हिशेबाने 'हो' यायला हवं. ॲरिस्टॉटल म्हणतो, नाही. एकट्याने जहाज हलणारही नाही. म्हणजे ओढण्यात एक उंबरठा असतो. तो ओलांडेपर्यंत कितीही घाम गाळा, हाती शून्य. ट्रेलर ओढण्यातला पहिला प्रश्न हाच : हलेल का?

त्याचं उत्तर यंत्रशास्त्राने तरफेने आणि पुढे गिअरने दिलं. इंजिन आपल्या दांड्याला जो पीळ देतं त्याला टॉर्क म्हणतात. लहान गिअरमध्ये चाकाचा वेग कमी होतो आणि पीळ तितक्या पटीने वाढतो. त्यामुळे तत्त्वतः अगदी छोटं इंजिनही मोठं ओझं हलवू शकतं, फक्त गोगलगाईच्या चालीने. इथे दुसरा प्रश्न येतो : किती वेगाने?

हा प्रश्न आकड्यात बांधला जेम्स वॉटने, १७८० च्या दशकात. त्याला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाईक घोडे वापरणारं होतं. एक घोडा मिनिटाला किती काम करतो याचा त्याने हिशेब मांडला : ३३,००० फूट-पौंड. आपल्या भाषेत, साधारण ७६ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणं. ही झाली अश्वशक्ती. जगातलं एक फार टिकाऊ मोजमाप मुळात विक्रीच्या गरजेतून आलं, हे ध्यानात असू द्या; पुढे पुन्हा लागणार आहे.

आता एक साधा हिशेब करू. पिकअप अडीच टन, ट्रेलर साडेतीन टन, एकूण सहा टन. चढ सहा टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर गेलं की ६ मीटर वर. ताशी ९० किलोमीटरने चढायचं असेल तर केवळ उंची चढण्यासाठी सुमारे १२० अश्वशक्ती लागते. हवेचा आणि रस्त्याचा विरोध वेगळा. वेग निम्मा केला की चढण्याची गरज साठावर येते. म्हणून 'हे इंजिन अमुक टन ओढतं' हे वाक्य अपुरं आहे. कुठल्या चढावर आणि किती वेगाने, ते सांगितल्याशिवाय त्याला पुरता अर्थच येत नाही.

अमेरिकेत फोर्डने १९२५ साली मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती 'पिकअप' म्हणून विकायला काढली. तिचं इंजिन २० अश्वशक्तीचं. शेतकऱ्याला ते पुरत होतं, कारण घाई नव्हती. पुढे रस्ते सुधारले, वेग वाढले, आणि इंजिनं फुगत गेली. १९३२ साली फोर्डचं आठ सिलिंडरचं व्ही-८ आलं, ६५ अश्वशक्तीचं. त्यानंतर पिकअपसाठी पेट्रोलचं मोठं व्ही-८ हा जणू रिवाजच पडला.

दरम्यान जर्मनीत रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं. ताकद २० अश्वशक्तीच, पण इंधनातली जवळजवळ २६ टक्के उष्णता ते कामाला लावत होतं. वाफेच्या इंजिनांच्या हे स्वप्नातही नव्हतं. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते आणि आत उडवलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटतं, ही त्यातली कल्पना. एवढा दाब सोसायचा म्हणजे सगळा सांगाडा जाडजूड लागतो. इंजिन जड होतं, महाग होतं, पण टिकतं.

हे इंजिन अमेरिकेच्या रस्त्यावर आणण्याचा ध्यास घेतला क्लेसी कमिन्स या इंडियानातल्या मेकॅनिकने. त्याने १९१९ साली कोलंबस गावात कंपनी काढली. हे नाव पुणेकरांना नवं नाही. १९६२ साली कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, आणि आज कर्वेनगरच्या मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही तेच नाव आहे. या क्लेसीने १९३० च्या जानेवारीत पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवून ती इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली. इंधनाचा खर्च १ डॉलर ३८ सेंट. पुढच्या वर्षी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत त्याची डिझेल गाडी एकदाही न थांबता धावली. तिचा क्रमांक तेरावा आला, पण मधे इंधन भरावं लागलं नाही. पहिला येण्यापेक्षा न थांबणं महत्त्वाचं, हे दाखवायचं होतं आणि ते दाखवून झालं.

त्याच १९३१ साली दुसरी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा तिच्यात आहे. क्लेसी आणि त्याचे साथीदार डिझेल ट्रक घेऊन अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे निघाले होते. कॅलिफोर्नियातला कॅहोन घाट उतरताना ब्रेक तापले आणि लागेनासे झाले. पेट्रोल इंजिनाला हवेच्या वाटेवर झडप असते. पाय काढला की ती मिटते आणि इंजिन गाडीला मागे खेचतं. त्या डिझेलला अशी झडप नव्हती. ट्रक सुसाट सुटला. खाली रूळ होते आणि रुळांवरून मालगाडी जात होती. मालगाडीचा शेवटचा डबा पुढे गेला आणि थोडक्यात मंडळी वाचली.

हा प्रसंग त्याच्या डोक्यातून गेला नाही. पुष्कळ वर्षांनी त्याने उपाय काढला : उतारावर पिस्टनने हवा दाबली की ती परत ढकलण्याआधीच वरची झडप उघडून सोडून द्यायची. दाबण्यात गेलेली मेहनत परत मिळत नाही आणि गाडी आवरली जाते. जेकब्स कंपनीने १९६१ पासून हे यंत्र बनवलं. त्यालाच 'जेक ब्रेक' म्हणतात. आपल्या सहा टनांचा हिशेब आठवा. चढताना डोंगरावर जितकी ऊर्जा साठवली, उतरताना ती सगळी परत अंगावर येते. थोडी हवा खाते, थोडी रस्ता खातो, उरलेली ब्रेकला पचवावी लागते. बोरघाट उतरताना आपले जुने ड्रायव्हर नवख्याला सांगतात ना, 'ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर', त्यामागे हेच शास्त्र आहे. ओढणाऱ्या इंजिनाने थोपवलंही पाहिजे. हा झाला तिसरा प्रश्न.

चौथा प्रश्न सहनशक्तीचा. तेलाच्या टंचाईनंतर, १९७८ साली, ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं डिझेल व्ही-८ आलं आणि ते पिकअपमध्येही बसलं. त्याची मापं पेट्रोल इंजिनाशी जुळती ठेवली होती, म्हणजे त्याच कारखान्यात बनावं. दाब कितीतरी वाढला, पण डोकं घट्ट धरणारे बोल्ट वाढले नाहीत. ते ताणले जात, गॅस्केट फुटत. १९८५ नंतर ते इंजिन बंद झालं, आणि डिझेल मोटारीवरचा सामान्य अमेरिकन माणसाचा विश्वास बराचसा त्याच्याबरोबर गेला.

म्हणून १९८९ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी डॉजने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल बसवलं. ते मुळात ट्रक आणि शेतीयंत्रांसारख्या कष्टाच्या कामासाठी केलेलं. अश्वशक्ती फक्त १६०. त्याच काळात प्रतिस्पर्ध्यांच्या साडेसात लिटरच्या पेट्रोल व्ही-८ ची २३० च्या आसपास. टॉर्क मात्र दोन्हींचा जवळपास सारखा, ४०० पौंड-फूट. डिझेल तो आणखी कमी फेऱ्यांवर देत होतं. कागदावर पाहिलं तर पेट्रोलच सरस वाटेल.

पण कागद डोंगरावर नेऊन पाहा. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के दाट. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा घेईल तेवढंच इंधन जाळणार, म्हणजे २३० चे उरले १६० च्या आसपास. टर्बो हवा कोंबून भरतो, त्यामुळे डिझेल आपली बरीचशी ताकद राखून असतं. आता दोघं बरोबरीला आले, आणि एकजण पुष्कळ कमी इंधनात, कमी फेऱ्यांत, कमी आदळआपट करत तेच काम करतो आहे. गिऱ्हाइकाला हे अनुभवाने कळलं. पिकअपच्या बाजारात मागे पडलेल्या डॉजला या इंजिनाने पाय रोवायला जागा दिली.

मग आकड्यांची चढाओढ लागली. ट्रेलर किती ओढेल हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवी. वॉटची आठवण ठेवा म्हणालो होतो, ती यासाठी. मोजमाप विक्रेत्याच्या हातात असलं की ते हळूहळू फुगतं. अखेर एसएई या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने 'जे २८०७' नावाची कसोटी ठरवली. २०११ च्या गाड्यांसाठी टोयोटाने ती प्रथम स्वीकारली, बाकीचे काही वर्षं एकमेकांकडे पाहत थांबले. या कसोटीचा आधार आहे ॲरिझोनातला डेव्हिस डॅमजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ. हवा निदान ३८ अंश तापलेली, एसी पूर्ण सुरू, ट्रेलर मागे, आणि मागे दोनच चाकं असलेल्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. शिवाय १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघता आलं पाहिजे, आणि थांबवण्याचीही परीक्षा आहे. पाहा, आपले सगळे प्रश्न एका कसोटीत आले : हलेल का, किती वेगाने, आवरेल का, टिकेल का.

तेव्हा आज कुणी निवडायला बसलं तर? २०११ पासून फोर्डच्या पिकअपमध्ये साडेतीन लिटरचं टर्बो पेट्रोल व्ही-६ मिळू लागलं, ३६५ अश्वशक्ती आणि ४२० पौंड-फूट टॉर्कचं. कागदावर ते १९८९ च्या कमिन्सला दोन्हींत मागे टाकतं. वर्षातून चार वेळा बोट न्यायची असेल तर तसं इंजिन उत्तम. रोज घोडे घेऊन डोंगर पार करायचे असतील तर जाडजूड डिझेल, आणि त्याला एग्झॉस्ट ब्रेक आहे ना, ते आधी विचारावं.

विजेच्या पिकअपने पाचवा प्रश्न आणला. २०२२ च्या फोर्ड लाइटनिंगचा टॉर्क ७७५ पौंड-फूट, तोही पहिल्या फेऱ्यापासून. पण तिच्या मोठ्या बॅटरीत १३१ युनिट ऊर्जा मावते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट असतात आणि इंजिन त्यातला तिसरा हिस्सा वापरतं. म्हणजे ती बॅटरी सुमारे ४० लिटर डिझेलच्या टाकीइतकी. मोठा ट्रेलर लावला की टप्पा निम्म्यावर येतो. हलेल, धावेल, आवरेल. पण किती दूर?

आणि एक गोष्ट इंजिनाच्या पलीकडची. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार आकड्यावर, म्हणजे पिकअपच्या पाठीवर पडतो. आपल्या साडेतीन टनांच्या ट्रेलरचा ३५० ते ५२५ किलो. त्यात चार माणसं आणि सामान मिळवलं तर पुष्कळदा इंजिन थकण्याआधी गाडीची पाठ थकते. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर ती मर्यादा लिहिलेली असते, आणि जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यापेक्षा ती जास्त विश्वासाची.

'तो ताकदवान आहे' असं आपण माणसाबद्दलही सहज बोलतो. काही क्षण घोडासुद्धा वॉटच्या आकड्याच्या कितीतरी पट ओढतो, पण वॉटला हवी होती दिवसभराची चाल. तुमची मुलं, नातवंडं तिकडे गाडी घ्यायला निघाली आणि फोनवर अश्वशक्तीचा आकडा सांगू लागली, तर त्यांना एवढंच विचारा : बाळा, घाट कुठला आहे, आणि उतरणार कसा आहेस?

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.